विम्यातलं एआय: 'हो' यंत्राने म्हणावं, 'नाही' माणसाने

बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय: विमा कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी कुठे वापरतात? वडील खानापूर भागात विमा एजंट आहेत, त्यांचं काम जाणार का? आणि या क्षेत्रात यायचं असेल तर काय शिकावं? मी मोटार सर्व्हेअर (गाडीचं नुकसान तपासून अहवाल देणारा) म्हणून सुरुवात केली, निपाणीपासून खानापूरपर्यंतचे क्लेम हाताळले, आणि आता क्लेम तपासणारी मॉडेल, म्हणजे जुन्या उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम, बनवणाऱ्या टीमसोबत काम करतो. दोन्ही बाजू बघितल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

विम्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी 'हो' किंवा 'नाही'वर येतो. पॉलिसी द्यायची का, क्लेम मंजूर करायचा का, दवाखान्याला कॅशलेसची परवानगी द्यायची का. माझं मत ठाम आहे. 'हो' लवकर म्हणता यावं म्हणून यंत्र वापरा, 'नाही' म्हणायला माणूस बसवा. चुकून 'हो' म्हटलं तर त्याचा भुर्दंड हजारो हप्त्यांत वाटला जातो. चुकून 'नाही' म्हटलं तर तो एकाच घरावर पडतो, आणि तेही घरात आधीच संकट असताना. या दोन चुका सारख्या नाहीत. मॉडेल बनवणारा मात्र बऱ्याचदा दोन्ही एकाच तराजूत टाकतो आणि '95 टक्के अचूक' म्हणून मोकळा होतो.

मोटारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे काम सगळ्यात पुढे गेलंय. गाडी ठोकली की मालक मोबाइलवर फोटो काढतो. मॉडेल आधी भाग ओळखतं: बंपर, फेंडर, दरवाजा, हेडलाइट. मग नुकसान ओळखतं: ओरखडा, पोचा की तुटलेला भाग. मग दुरुस्त करायचा की बदलायचा हे सुचवून भागाची किंमत आणि मजुरी यांचा अंदाज देतं. बंपर फुटला, आरसा गेला, काच तडकली, अशा किरकोळ क्लेमना हे उत्तम चालतं आणि ते वापरलंच पाहिजे. पूर्वी एवढ्याशा कामासाठी सर्व्हेअरची वाट बघत गाडी गॅरेजमध्ये पडून राहायची.

आता अडचण कुठे येते ते बघा. नुकसान ताजं की जुनं हे ओळखायला मॉडेल गंज बघायला शिकतं. खरवडलेला पत्रा चकचकीत असेल तर ताजं, तांबूस असेल तर जुनं. कोरड्या हवेत हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलै महिन्यात उघडा पत्रा दोन-तीन दिवसांत तांबूस होतो. त्यात वीज नाही, रेंज नाही, म्हणून मालकाने फोटो चार दिवसांनी पाठवला की मॉडेल सांगतं, 'नुकसान अपघाताआधीचं'. मॉडेलला जे शिकवलं तेच ते सांगतंय. शिकवताना वापरलेल्या फोटोंत घाटमाथ्याचा पाऊस नव्हता, एवढंच. उपाय अवघड नाही. फोटोसोबत तारीख, ठिकाण आणि त्या आठवड्याचा पाऊस मॉडेलला द्या, आणि 'जुनं नुकसान' असा शेरा आला की तो क्लेम आपोआप माणसाकडे जाऊ द्या.

दुसरं उदाहरण पुराचं. ऑगस्ट 2019 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. गोकाक बुडालं, बेळगाव शहराच्या सखल भागांत पाणी शिरलं. अशा वेळी गाडी पाण्यात उभी असते, पाणी ओसरतं, आणि मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सेल्फ मारतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान मिळतं, पण पाणी शिरल्यावर गाडी चालू केल्याने इंजिनचं झालेलं नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. हजारोंचा क्लेम आणि लाखांचा क्लेम यांतला फरक त्या वाकलेल्या रॉडमध्ये असतो, आणि तो बाहेरच्या फोटोत दिसत नाही. एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघावं लागतं, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का बघावं लागतं, कधी इंजिन खोलावं लागतं. शिवाय पाणी चालत्या गाडीत शिरलं की उभ्या गाडीत, हे मालकाशी बोलल्याशिवाय कळत नाही. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64 यूएमखाली ठरावीक रकमेच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो, आणि ती तरतूद किती शहाणपणाची आहे हे पुराच्या दिवसांत कळतं. (गाडी पाण्यात गेली असेल तर चावी लावू नका, टो करून न्या. वडिलांना प्रत्येक ग्राहकाला हे सांगायला सांगा.)

मग फसवणूक पकडणं. कंपन्यांचा सगळ्यात जास्त पैसा इथे लागतोय आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अन्यायही इथेच होऊ शकतो. एक हिशेब करू. समजा 10,000 क्लेम आले आणि त्यांतले 100 खोटे आहेत. मॉडेल चांगलं आहे असं धरू: खोट्यांपैकी 90 टक्के पकडतं आणि खऱ्यांपैकी फक्त 5 टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. म्हणजे 90 खोटे सापडले. पण खरे क्लेम 9,900 होते, त्यांचे 5 टक्के म्हणजे 495. मॉडेलने लाल खूण केलेल्या 585 क्लेमपैकी 495 माणसं प्रामाणिक आहेत. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण गणिताचा स्वभाव असाच असतो: जी गोष्ट मुळात विरळ असते, ती शोधताना निरपराध जास्त सापडतात. म्हणून लाल खुणेचा अर्थ 'नीट बघा' एवढाच. ज्या कंपनीत तिचा अर्थ 'नाकारा' असा लावला जातो, तिथे मॉडेल कितीही भारी असो, काम चुकीचं चाललंय.

याचाच एक प्रकार म्हणजे जाळं शोधणारी मॉडेल. एकच मोबाइल नंबर, एकच बँक शाखा, एकच साक्षीदार, एकच गॅरेज अनेक क्लेममध्ये आलं की यंत्र त्यांना जोडतं आणि टोळी असल्याचा संशय घेतं. मुंबईतल्या बनावट अपघातांच्या टोळीला हे बरोबर पकडतं. आमच्याकडे काय होतं? गावातल्या प्राथमिक कृषी पत्तीन संघाचा (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचा) सेक्रेटरी पन्नास शेतकऱ्यांचे अर्ज भरतो, आणि ज्यांच्याकडे फोन नाही किंवा ज्यांचा नंबर सारखा बदलतो, त्यांच्यासाठी स्वतःचा नंबर घालतो. आडनाव निम्म्या गावाचं पाटील. बँक एकच, डॉक्टर एकच. यंत्राच्या नजरेत सेक्रेटरी हा टोळीचा म्होरक्या. खरं तर तो गावाचा आधार आहे. असे सामाईक नंबर आधी ओळखून यादीत वेगळे काढले तर ही चूक टळते, पण त्यासाठी पत्तीन संघ म्हणजे काय हे माहीत असलेला कोणीतरी टीममध्ये असावा लागतो.

तुम्ही ज्या भागात वाढलात तो खरा उपयोगी पडेल असा विषय म्हणजे नावं जुळवणं. बाहेरून कंटाळवाणं वाटतं, पण सीमाभागातले किती क्लेम यावर अडकतात हे बघितलं की झोप उडते. शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. पासबुकावर नाव इंग्रजीत, शाखेतल्या माणसाला सुचेल त्या स्पेलिंगने. आधारवर इंग्रजी आणि सोबत कन्नड किंवा मराठी, कार्ड कुठे काढलं त्यावर. शाळेचा दाखला मराठी. पॉलिसी इंग्रजीत. उताऱ्यावर 'यल्लप्प', घरी 'यल्लाप्पा', बँकेत एकच 'एल'. 'परशराम' आणि 'परशुराम' एकच माणूस. 'कल्लाप्पा' कुठे दोन 'पी' घेऊन येतो, कुठे एक. सुनेचं नाव लग्नात बदललेलं, त्यामुळे माहेरच्या कागदावर एक आणि वारस म्हणून लावलेलं दुसरं. जमीन अजून आजोबांच्या नावावर.

बाहेरच्या टीम हे सगळं आधी इंग्रजीत आणतात आणि मग अक्षरांतला फरक मोजतात. तिथेच माती होते. इंग्रजीत गेलं की त आणि ट एक होतात, द आणि ड एक होतात, न आणि ण एक होतात, ळ हरवतो. वेगळी माणसं एक दिसायला लागतात आणि एकच माणूस दोन. मी सांगेन तो रस्ता सरळ आहे: कन्नड आणि देवनागरी थेट जुळवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत, या दोन्ही लिप्यांची अक्षरं एकाच क्रमाने मांडलेली आहेत. देवनागरी 'क' 2325 वर, कन्नड 'क' 3221 वर, फरक 896. बहुतेक सगळ्या अक्षरांना हाच फरक लागू. म्हणजे एका साध्या बेरीज-वजाबाकीने उताऱ्यावरचं नाव देवनागरीत उतरतं. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ सैल करा, कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ एक धरा, 'अ' आणि 'आ' एक धरा, जोडाक्षरातलं दुप्पट व्यंजन एकदाच मोजा. एवढ्याने 'यल्लप्प' आणि 'यल्लाप्पा' एकमेकांना भेटतात. इंग्रजी कागदासाठी वेगळं, जास्त उदार माप ठेवा. आणि नाव जुळलं नाही म्हणून क्लेम फेटाळू नका. वडिलांचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, खातं यांतलं काय जुळतंय ते मिळून ठरवा. या कामाला मोठं न्यूरल नेटवर्क लागत नाही, दोन्ही लिप्या वाचणारा माणूस लागतो.

पीक विम्यात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येतो. प्रधानमंत्री फसल विमा योजना खरीप 2016 पासून आहे. हप्त्यातला शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के, नगदी आणि बागायती पिकांना 5 टक्के. कर्नाटकात अर्ज 'संरक्षणे' पोर्टलवर, ओळख फ्रूट्स आयडीवर (शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक), आणि कोणतं पीक उभं होतं याचा पडताळा पीक सर्वेक्षणाच्या ॲपमधल्या फोटोवर. अर्जात भात लिहिलं आणि सर्वेक्षणात त्या सर्व्हे नंबरवर ऊस दिसला की क्लेम अडकतो. हिश्श्याची जमीन, एकाच नंबरात भावाचा ऊस आणि आपलं भात, हे आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून पीक सर्वेक्षण आपल्या शेतात झालं का, आणि काय नोंदवलं गेलं, हे हंगामातच तपासून हरकत नोंदवायला हवी. नंतर रडून उपयोग होत नाही.

आता उपग्रह. खरीप 2023 पासून भात आणि गव्हासाठी 'येस-टेक' नावाची पद्धत आली. पीक कापणी प्रयोगातून (निवडक शेतांत प्रत्यक्ष पीक कापून मोजण्यातून) निघालेल्या उत्पादनासोबत उपग्रह, हवामान आणि मॉडेल यांवरून काढलेल्या उत्पादनाला किमान 30 टक्के वजन द्यायचं. कापणी प्रयोगात माणसांचा हस्तक्षेप, उशीर आणि वाद होते, त्यामुळे दिशा योग्य आहे. पण उपग्रहाला काय दिसतं हे समजून घ्या. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला एक गुंठा 101 चौरस मीटरचा. म्हणजे एक गुंठा जमीन, चित्रात एक ठिपका. येळ्ळूरच्या शिवारात पंधरा गुंठ्यांची भाताची पट्टी असेल तर तिचे पंधराएक ठिपके, आणि त्यांतले निम्मे बांधावरचे: आंब्याची सावली, शेजारचं रताळं, वाटेवरचं गवत सगळं मिसळलेलं. अख्ख्या ग्रामपंचायतीची सरासरी काढायला ठिपके पुरतात, एका शेतकऱ्याला 'तुझं पीक चांगलं होतं' म्हणून सांगायला पुरत नाहीत. त्यात भाताच्या ऐन वाढीच्या जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर भागावर ढग, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याची चित्रं कोरीच. तिथे सेंटिनेल-1 चं रडार कामी येतं, कारण रडार ढगातून बघतं. रोप लावणी, साचलेलं पाणी, पुरात बुडालेली शेती हे त्याला छान कळतं. दाणा भरला की पळींज (पोकळ) झाला हे मात्र त्याला कळत नाही.

भरपाई कशी निघते तेही लक्षात ठेवा, कारण गावात याबद्दल फार गैरसमज आहे. गेल्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीम स्तराने (त्या पिकासाठी ठरवून दिलेल्या टक्केवारीने) गुणतात, ते उंबरठा उत्पादन. समजा ते 20 क्विंटल आलं आणि यंदा पंचायतीचं सरासरी उत्पादन 14 निघालं, तर तूट 30 टक्के, आणि विमा रकमेच्या 30 टक्के सगळ्यांना. तुमचं वैयक्तिक शेत इथे मोजलंच जात नाही. अपवाद म्हणजे गारपीट, भूस्खलन, शेतात पाणी साचणं अशी स्थानिक आपत्ती. ती 72 तासांत कळवायची असते, हेल्पलाइन 14447. मोबाइलने काढलेले, ठिकाण आणि वेळ असलेले फोटो इथे शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा ठरतात.

आरोग्य विम्यात इरडाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था) 2024 मध्ये नियम केला की कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची. माणसांच्या बळावर हे जमणं कठीण, म्हणून कागद वाचणारं आणि बिलं तपासणारं एआय सगळीकडे आलं. चांगलं आहे. फक्त एक खोड सांगतो. 'रुग्णाचं घर आणि दवाखाना वेगळ्या राज्यांत' हे बऱ्याच मॉडेलमध्ये संशयाचं लक्षण मानलं जातं. चंदगडचा माणूस जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर असूनही बेळगावच्या दवाखान्यात येतो, कारण ते जवळ आहे. निपाणीचा माणूस कोल्हापूरला, अथणीचा मिरजेला जातो. राज्याची सीमा ही प्रशासनाची रेषा आहे, रुग्ण ती बघून दवाखाना निवडत नाही. रस्त्याचं अंतर आणि प्रवासाचा वेळ घाला, राज्याचं नाव काढून टाका, मॉडेल सुधारतं.

बाकीचं थोडक्यात. हप्ता ठरवण्यात अजूनही जुनी संख्याशास्त्रीय पद्धत पाया आहे, नवी मॉडेल तिच्यावर बसतात. वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं, तिथे मॉडेलला वावच नाही. जनावरांच्या विम्यात कानातला बारा अंकी बिल्ला पडतो किंवा बदलला जातो, म्हणून गाई-म्हशींच्या नाकाडावरच्या ठशांवरून ओळख पटवण्याचे प्रयोग चालू आहेत. माणसाच्या बोटासारखाच तो ठसा प्रत्येक जनावराचा वेगळा असतो, आणि मला या वापराबद्दल खरी आशा वाटते. फोनवर बोलणारी यंत्रं मात्र 'पाऊस पडूलालाय, गाडी बंद पडल्या' असं ऐकलं की गडबडतात, आणि वाक्यात अर्धे शब्द कन्नड आले की हातच टेकतात. आपल्या बोलीचं रेकॉर्डिंग त्यांना कुणी दिलेलंच नाही.

वडिलांबद्दल. फॉर्म भरणं, हप्त्याची आठवण, नूतनीकरण, ही कामं यंत्र घेणार, घेतलीही आहेत. क्लेमच्या वेळी घरी जाऊन कागद लावून देणं, कन्नड उतारा आणि इंग्रजी पत्र दोन्ही समजावून सांगणं, कंपनीने 'नाही' म्हटलं तर पुढे कुठे जायचं ते दाखवणं, हे काम वाढणार. त्यांना एवढं पक्कं माहीत असू द्या: नाकारण्याचं कारण लेखी मागायचं, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तेही. 2024 च्या नियमांप्रमाणे आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येत नाही, म्हणजे 'सिस्टिमने रिजेक्ट केलं' हे उत्तर होऊच शकत नाही. आयुर्विम्यात पॉलिसीला तीन वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. तुमचं राहण्याचं ठिकाण किंवा कंपनीची शाखा, दोन्हींपैकी कुठल्याही हद्दीत तक्रार करता येते. कर्नाटकासाठी लोकपाल बंगळुरात आहे, आणि पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतली असेल तर महाराष्ट्रातल्या लोकपालाचा रस्ताही खुला राहतो.

शिकायचं म्हटलं तर संख्याशास्त्र आधी. लॉजिस्टिक रिग्रेशन, जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल, मग ग्रेडियंट बूस्टिंग. मॉडेल '80 टक्के शक्यता' म्हणतं तेव्हा शंभरातले खरंच ऐंशी तसे निघतात का, हे तपासायला शिका. विम्यात अचूकतेपेक्षा याला किंमत आहे. चित्रांची मॉडेल नंतर शिकलात तरी चालतील. एका सर्व्हेअरसोबत बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजांत फिरा आणि बंद झालेल्या क्लेमच्या फाइली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. कोणत्या फाइलवर 'नाही' लिहिलं, का लिहिलं आणि नंतर ते बदलावं लागलं का, ही नोंद बहुतेक कंपन्यांकडे धड नसते. ती ठेवणारी टीम मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी तिथे जा.

सुरुवातीचा सराव म्हणून नावं जुळवणारा छोटा प्रोग्रॅम लिहा. आपल्या घरातल्याच, परवानगी घेतलेल्या कागदांवर तो चालवा: उतारा, पासबुक, आधार, शाळेचा दाखला. गावकऱ्यांचे कागद फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून तपासू नका. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून तर नाहीच, पण त्यांनी ते कागद तुमच्या वडिलांवर विश्वास ठेवून दिलेले असतात. प्रोग्रॅम तयार झाला की कोणती नावं चुकली त्यांची यादी करा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा. नोकरीच्या मुलाखतीला ती यादी घेऊन जा. सर्टिफिकेटपेक्षा तिच्यावर जास्त वेळ बोलणं होईल.